युद्ध, रसद आणि माणसं : युद्धेतिहासाची कोणती पुस्तकं वाचावीत?

बिनीचा स्वार

युद्धेतिहासाचं नवं पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटची सूची उघडतो. बैल, वैरण, पाणी, नावा, पगार, कर्ज असे शब्द तिथे सापडले तर पुस्तक घ्यायचं. नुसती सरदारांची आणि लढायांची नावं असली तर परत फडताळात. ही कसोटी मला फार उपयोगी पडली आहे, म्हणून हा धागा काढतोय.

आपल्याकडे लढाईचं वर्णन बहुधा सकाळी तोफा सुरू झाल्यापासून सुरू होतं. पण सैन्य त्या सकाळी त्या जागी का उभं होतं, याचं उत्तर त्याआधीच्या चार-सहा महिन्यांत असतं आणि ते बहुतेक वेळा पोटाशी संबंधित असतं.

ज्या पुस्तकाने मला हे नीट शिकवलं ते डोनाल्ड एंगेल्स यांचं अलेक्झांडरच्या सैन्याच्या रसदीवरचं छोटंसं पुस्तक (१९७८). त्यात लढाया जवळजवळ नाहीतच. आहे तो हिशेब. सैनिकाला रोज सुमारे १.३६ किलो धान्य. घोड्याला साडेचार किलो दाणा आणि तितकाच चारा. आता ओझ्याचं जनावर घ्या. त्याच्या पाठीवर शंभर-सव्वाशे किलो लादले आणि वाटेत चरायला काहीच मिळालं नाही, तर ते जनावर पाठीवरचं सगळं ओझं १२-१३ दिवसांत स्वतःच खाऊन टाकतं. सैन्याच्या वाट्याला दाणाही उरत नाही! म्हणजे ओसाड मुलखात जनावरं कितीही वाढवली तरी पल्ला वाढत नाही. हे गणित समजलं की अलेक्झांडर किनाऱ्याकिनाऱ्याने का जातो, पीक तयार व्हायची वाट का पाहतो, पुढच्या मुलखातल्या कारभाऱ्यांशी आधीच बोलणी का करतो, सगळं उलगडतं. इ.स.पूर्व ३२५ मध्ये मकरानच्या वाळवंटात त्याच्या सैन्याचे हाल झाले. एंगेल्स म्हणतात, रसद आरमारातून यायची होती आणि आरमार नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे अडकून पडलं. कोकणात ज्या वाऱ्याने होड्या किनाऱ्याला लागतात, तोच हा वारा.

त्याच्या जोडीला मार्टिन व्हान क्रेवेल्ड यांचं 'सप्लाइंग वॉर' (१९७७). सतराव्या शतकातला सेनापती वॉलनस्टाइन, तिथपासून दुसऱ्या महायुद्धातल्या पॅटनपर्यंत. त्यांचा मुख्य मुद्दा असा की १९१४ पर्यंत युरोपातली सैन्यं मुख्यतः ज्या मुलखातून जात, त्यावरच जगत. त्यामुळे चालतं सैन्य पोट भरू शकायचं आणि एका जागी बसलेलं सैन्य उपाशी मरायचं. यावर जॉन लिन यांनी १९९३ च्या 'फीडिंग मार्स' या संपादित ग्रंथात चांगलीच टीका केली आहे, तीही वाचावी. पण "बसलेलं सैन्य उपाशी मरतं" हे वाक्य डोक्यात ठेवून पानिपताकडे पाहा.

तुम्ही काय वाचता? तुम्हाला कोणत्या पुस्तकाने लढाईकडे बघायची दृष्टी दिली? मराठी, इंग्रजी, कादंबरी, आत्मचरित्र, काहीही चालेल. फक्त नाव टाकून जाऊ नका, त्यातलं काय आवडलं तेही लिहा.

पिवळी शेवंती

छान धागा, वाचनखूण साठवली.

पानिपतावर आधी कादंबरी वाचली होती, विश्वास पाटलांची. मग त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' वाचायला घेतलं आणि कळलं की आपल्याला माणसं पाठ होती, पण तारखा आणि नकाशा डोक्यात नव्हता. त्यांचा इंग्रजी प्रबंध १९४६ चा, डेक्कन कॉलेजने काढलेला. मराठी पुस्तक १९६१ चं. वाचताना शेजारी उत्तर भारताचा नकाशा उघडा ठेवा, तरच यमुनेच्या कुठल्या काठावर कोण आहे हे लक्षात राहतं. आणि सगळी गोम तिथेच आहे.

ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली मराठ्यांच्या हातात येते. १७ ऑक्टोबरला कुंजपुऱ्याचा किल्ला पडतो, तिथे धान्याचा साठा मिळतो. पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून पानिपत आणि दिल्ली यांच्या मधे येतो. म्हणजे दक्षिणेची वाट बंद.

प्रश्न : काशिराजाची हकिकत कितपत विश्वासार्ह मानायची? तो तर अब्दालीच्या बाजूच्या शुजाच्या, म्हणजे अवधच्या नवाबाच्या, पदरी होता ना?

बिनीचा स्वार

@पिवळी शेवंती, काशिराज शुजाउद्दौल्याकडे होता आणि त्याने हकिकत लिहिली ती १७८० मध्ये, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी, फारसीत. त्यामुळे आकडे जपूनच घ्यायचे. पण त्याचा भाऊंशी पत्रव्यवहार होता, आणि दोन्ही छावण्यांत काय चाललंय हे कळायला त्याच्याइतकी मोक्याची जागा क्वचितच कोणाला मिळाली असेल. रात्री वैरण आणि लाकूडफाटा आणायला बाहेर पडलेल्या मराठ्यांची कत्तल, दोन दिवस पोटात अन्न नाही म्हणून भाऊंच्या तंबूपाशी आलेले सरदार आणि शिपाई, आता प्याला काठोकाठ भरलाय असं कळवणारी भाऊंची शेवटची चिठ्ठी, हे सगळं त्याच्याकडूनच आलं आहे.

बखरीपेक्षा मी त्याला वर ठेवतो. भाऊसाहेबांची बखर भाषेसाठी वाचावी, मोठ्याने वाचावी, पण सैन्याची संख्या तिच्यातून उचलू नये.

आणि ज्यांना मूळ कागदच हवेत त्यांनी राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंड पहिला (१८९८) घ्यावा. १७५० ते १७६१ ची पत्रं आहेत. भाऊंनी पेशव्यांचे उत्तरेतले कारभारी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली पत्रं ओळीने वाचा. पैसा पाठवा, नावा जमवा, अंतर्वेदीतून (गंगा-यमुनेच्या मधला मुलूख) शत्रूची रसद तोडा. पुन्हा पैसा पाठवा. सेनापती महिनोन्‌महिने नावा आणि रुपयांच्या मागे लागलेला दिसतो. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले आणि तो दोर तुटला.

ढोबळ हिशेब मांडतो. बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकापोरं धरून छावणीत एक लाख माणसं समजू. माणशी अर्धा किलो धान्य म्हणजे रोज ५० टन. एका बैलावर सव्वाशे किलो धरले तर ४०० बैल, रोज. आता घोडी ४०,००० धरा, प्रत्येकी चार किलो चंदी म्हणजे १६० टन. आणखी १,२८० बैल. वैरण यात धरलेलीच नाही. माणसांच्या तिप्पट तर घोडीच खातात! आकडे कमी-जास्त करा, गुणोत्तर फार हलत नाही. अडीच महिने खंदकात बसलेल्या घोडदळाची घोडी आधी मरतात, आणि मग ते घोडदळ उरत नाही.

गोलंदाज

इथे मी अडणार. रसदीने सगळं उलगडतं हे मला मान्य नाही.

१४ जानेवारीला उपाशी मराठे दुपारपर्यंत हरत नव्हते, उलट चढ त्यांचा होता. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी रोहिल्यांची फळी मोडली. भाऊंच्या हुजुरातीने (खास फौजेने) अब्दालीचा वजीर शाहवलीखान याचा मधला गोल फोडला. उपासमारीनेच निकाल लागायचा असता तर हे घडलंच नसतं. निकाल फिरला तो अब्दालीने दुपारनंतर राखीव फौज घातली, पळून चाललेल्यांना मारून-मुटकून परत आघाडीवर आणलं, उंटांवरच्या जंबुरकांचा (हलक्या तोफांचा) मारा केला तेव्हा. भाऊंकडे राखीव काहीच नव्हतं. त्यात विश्वासराव पडले.

रसद तुम्हाला रणांगणावर आणून सोडते. तिथून पुढे माणसाचं काय होतं, ते सांगायला बैलांचं गणित पुरत नाही. त्यासाठी जॉन कीगन यांचं 'द फेस ऑफ बॅटल' (१९७६) वाचा. कीगन सँडहर्स्टला लष्करी अधिकाऱ्यांना शिकवायचे आणि सुरुवातीलाच सांगून टाकतात की मी स्वतः लढाई कधी पाहिलेली नाही. म्हणूनच ते इतके साधे प्रश्न विचारतात. शेजारचा पडला की माणसाला काय दिसतं? मागून रेटा आला की पुढच्याचं काय होतं?

अजिंकूर १४१५, वॉटर्लू १८१५, सोम १९१६. तीनच लढाया. अजिंकूरचा भाग मी कितीदा वाचला असेल! नुकती नांगरलेली शेतं, रात्रभर पाऊस, गुडघाभर चिखल, अंगावर लोखंड. पुढची फ्रेंच फळी इंग्रजांपाशी पोचते, मागच्यांना पुढचं काही दिसत नाही, ते ढकलत राहतात. पुढच्याला तलवार उगारायला हात मोकळा होत नाही. पडला की उठायला जागा नाही. शौर्य दोन्हीकडे सारखंच होतं हो, जागाच नव्हती. आणि मग सोमचा पहिला दिवस, १ जुलै. एकट्या ब्रिटिश सैन्याचे ५७,००० हून जास्त हताहत, त्यांतले १९,००० हून जास्त मेले.

पानिपताच्या दुपारी गोलातून सुटून विश्वासरावांच्या हत्तीकडे धावलेल्या शिलेदाराला काय दिसत होतं, असं लिहिणारा मराठी इतिहासकार मला हवाय. कादंबरीकार नको, इतिहासकारच.

रानपाखरू

गोलंदाज, +१. पण दोघंही पैसा विसरलात. :)

रँडॉल्फ कूपर यांचं इंग्रज-मराठा मोहिमांवरचं पुस्तक (केंब्रिज, २००३) मराठी वाचकांनी वाचायलाच हवं असं आहे. शिस्तबद्ध युरोपियन पलटणींपुढे मराठ्यांची विस्कळीत फौज टिकली नाही, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. कूपर कागद काढून दाखवतात की १८०३ मध्ये शिंद्यांचे कंपू (कवायती पायदळाच्या फौजा) आणि तोफखाना इंग्रजांच्या तोडीस तोड होता. हरवलं ते पतपेढीने. कंपनीला कर्ज मिळत होतं, पगार वेळेवर होत होता, आणि शिंद्यांकडच्या युरोपियन अधिकाऱ्यांना फोडायला पैसा होता. युद्ध तोंडावर असताना ते अधिकारी सोडून गेले तेव्हा पलटणींचं डोकंच गेलं.

सुरेंद्रनाथ सेन यांचं मराठ्यांच्या सैन्यव्यवस्थेवरचं पुस्तक (१९२८) आणि अर्विन यांचं मुघल सैन्यावरचं पुस्तक (१९०३) संदर्भासाठी आजही लागतातच. शस्त्रांची नावं, पगाराच्या पद्धती, घोड्यांना डाग देणं वगैरे. पण त्यांचा सूर 'पौर्वात्य सैन्य ढिसाळच' असा आहे, तो सोडून वाचायचं. मुघलांबद्दल योस खोमन्स यांचं 'मुघल वॉरफेअर' (२००२) त्याहून कितीतरी पुढचं. चांगला घोडा कुठे निपजतो, कुठल्या मुलखात टिकतो आणि छावणी कुठल्या वाटेने जाऊ शकते, यावर सगळं पुस्तक उभं आहे.

जालनेकर

१८०३ चा विषय निघालाय तर असईबद्दल लिहितोच. आमच्या जिल्ह्यातली लढाई, २३ सप्टेंबर १८०३. इंग्लंडात वेलिंग्टनच्या प्रत्येक चरित्रात पानंच्या पानं, आणि आमच्याकडे जालन्यातल्या मुलांना विचारलं तर माहीत नसतं. वाईट वाटतं.

वेलस्लीचे (हाच पुढचा वेलिंग्टन) खलिते छापलेले आहेत (गरवुडने १८३० च्या दशकात संपादित केलेले) आणि इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतात. १८०३ चे खलिते वाचा. लढाईपेक्षा बैल जास्त! टिपूच्या राज्यातले अमृतमहाल बैल त्याला म्हैसूरहून हवे असतात, कारण ते तोफांबरोबर भराभर चालतात. नद्या उतरायला टोपल्यांच्या नावा तयार ठेवा म्हणून आधीपासून तगादा. त्याचं सरळ म्हणणं होतं की मराठ्यांशी लढायचं तर नद्या भरलेल्या असताना. त्यांच्या घोडदळाला उतार मिळत नाही आणि आपल्याकडे नावा आहेत. म्हणजे आपण पावसाळ्यात छावणी करायची आणि दसऱ्याला मोहिमेवर निघायचं, हे वेळापत्रकच त्याने उलटं फिरवलं.

आणि उताराची गोष्ट. कैलना नदीपलीकडे शिंद्यांचा युरोपियन अधिकारी पोलमन याच्या हाताखालचे कंपू. वाटाड्ये म्हणाले, इथे उतार नाही. वेलस्लीने नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि ठरवलं की इतक्या जवळच्या दोन गावांत येणंजाणं असणारच, म्हणजे उतार असणारच. होता. तिथून त्याने सैन्य उतरवलं. पण पुढचं बहुतेक चरित्रं भराभर उरकतात. कंपूंनी तेवढ्या वेळात अख्खी फळी फिरवून त्याच्यासमोर उभी केली. इतक्या मोठ्या पायदळाला ऐन वेळी तोंड फिरवता येणं ही कवायतीची कसोटी असते, आणि ते आमच्या लोकांनी केलं. गोलंदाज तोफांपाशी मेल्यासारखे पडून राहिले, इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांनी मागून तोफा डागल्या. इंग्रजांचे ४२८ मेले, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. त्या गोलंदाजांची नावं कुठल्याच यादीत नाहीत.

अटकेपार

इंग्लंडात राहतो, त्यामुळे पहिल्या महायुद्धाचं वाचन जास्त. रसद आणि माणूस या वादात कुतचं उदाहरण घाला.

कुत-अल-अमारा, आजच्या इराकमध्ये. इंग्रज सेनापती टाउनशेंडच्या हाताखालची तुकडी होती सहावी डिव्हिजन, नावच 'पूना डिव्हिजन'. त्यात मराठा पलटणी होत्या : १०३, ११० आणि ११७. वेढा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. शेवटी सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. सोडवायला आलेल्या फौजांचं नुकसान त्याहून कितीतरी जास्त.

वेढ्यात घोडी-खेचरं मारून खायची वेळ आली. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी मांस नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी कित्येक दिवस खाल्लं नाही. भाजीपाला नाहीच, त्यामुळे त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. गोऱ्या शिपायांना मांसामुळे स्कर्व्ही फारसा झाला नाही, पण ते मैद्याच्या पावावर होते, त्यांना बेरीबेरी झाला. मैदा संपल्यावर त्यांनाही हिंदी शिपायांचा आटा द्यावा लागला आणि बेरीबेरी हटला. जीवनसत्त्वांच्या शास्त्राच्या इतिहासात हे उदाहरण आजही देतात. एकाच खंदकात, एकाच वेढ्यात, दोन ताटं आणि दोन आजार.

चार्ल्स टाउनशेंड नावाच्या इतिहासकाराचं (सेनापती वेगळा, नावसाधर्म्य आहे) 'व्हेन गॉड मेड हेल' (२०१०) आणि पॅट्रिक क्राउली यांचं 'कुत १९१६' (२००९) ही दोन वाचा. कोकणात, साताऱ्याकडे काही गावांत महायुद्धाच्या दगडी पाट्या आहेत, गावातून किती गेले आणि किती परतले नाहीत एवढंच लिहिलेल्या. त्यांतले काहीजण ज्या वाळवंटात गेले, त्याची हकिकत या पुस्तकांत आहे.

माजी सुभेदार

धागा वाचतोय. मी पुरवठ्याच्या खात्यात नोकरी केली, त्यामुळे 'बिनीचा स्वार' यांच्याशी सहमत. आमच्या कामावर पुस्तकं कमी निघतात.

ब्रिगेडियर दळवींचं 'हिमालयन ब्लंडर' (१९६९) वाचाच. १९६२ च्या चीन युद्धात नामका चू नदीकाठी त्यांची सातवी ब्रिगेड होती. रस्ता मागे कित्येक दिवसांच्या चालीवर संपलेला. सामान विमानातून त्सांगधरला टाकायचं, त्यातलं बरंच दरीत जायचं. सुती कपड्यांत जवान, हातात .३०३ रायफल, काडतुसं खिशातली. २० ऑक्टोबरला हल्ला झाला तेव्हा ही अवस्था. स्वतः दळवी कैद झाले. ते रागाने लिहितात, तो राग समजून घ्या, पण पुस्तकातला वजनांचा, अंतरांचा आणि दिवसांचा तपशील राग बाजूला ठेवूनही उभा राहतो.

त्याबरोबर जनरल थोरातांचं आत्मचरित्र 'फ्रॉम रेव्हेली टु रिट्रीट' (१९८६). आपले कोल्हापूरकडचे थोरात. पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी १९६० साली 'लाल किल्ला' नावाचा सराव घेतला होता, चीनने हल्ला केला तर काय होईल याचा. दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचा.

गोलंदाज यांनाही सांगतो. वेळेवर जेवण आलं की जवानाला वाटतं, मागे कुणीतरी आहे. तुम्ही ज्याला हिंमत म्हणता, तिचा बराच भाग असा मागून येतो. पानिपताच्या फौजेच्या मागे कुणी उरलं नव्हतं.

गोलंदाज

सुभेदारसाहेब, हा मुद्दा पटला. राखीव फौज आणि रसद ही मी दोन वेगळी खाती धरत होतो. अब्दालीला राखीव ठेवता आली, कारण त्याच्या बाजूच्या नजीबखान रोहिल्याच्या मुलखातून त्याला दाणा येत होता आणि त्याला घाई नव्हती. भाऊंना एका दिवसात काय ते करायचं होतं. कीगन मात्र मी सोडणार नाही.

पिवळी शेवंती

मराठीतलं मूळ साहित्य मागे पडतंय म्हणून लिहिते. या सगळ्या परदेशी पुस्तकांच्या आधी आपल्याकडे लिहिलेलं आहे, आणि ते अस्सल आहे.

चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना शिवाजी महाराजांचं पत्र आहे, १६७० च्या दशकातलं. पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणा-वैरण आत्ताच मनाला येईल तशी उधळलीत तर पुढे मिळणार नाही, घोडी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्यांकडचं ओरबाडायला लागाल, मग रयत म्हणेल यापेक्षा मोगल बरे. त्यापुढे आणखी बारीक : रात्री दिवा जळता ठेवून झोपाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला लागेल आणि पागाच्या पागा जळेल. उंदराने नेलेल्या वातीपर्यंत विचार करणारा सेनानी! व्हान क्रेवेल्ड यांना हे पत्र कुणीतरी पाठवायला हवं होतं.

दुसरं 'आज्ञापत्र'. रामचंद्रपंत अमात्यांचं. किल्ला बांधण्याआधी पाणी बघा. आणि आरमाराच्या लाकडाबद्दल : सागवान वगैरे रानातलं परवानगीने आणा, पण आंबा-फणस रयतेने लेकरांसारखे वाढवलेले, त्यांना हात लावू नका, अगदीच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडा. नौदलाच्या पुरवठ्याचं धोरण आणि रयतेशी वागणं एकाच परिच्छेदात.

आणि त्याही मागे जायचं तर कौटिल्य, दहावं अधिकरण. छावणी कशी मांडायची, कूच कसं करायचं, पाणी आणि वैरण आधी मोजून घ्यायची. कंगल्यांनी सिद्ध केलेली मुंबई विद्यापीठाची आवृत्ती घ्या.

रानपाखरू

शेवंती, जबरदस्त प्रतिसाद. चिपळूणचं पत्र यापुढे कुणीही "मराठ्यांना रसदीचं भान नव्हतं" म्हणालं की दाखवणार. खरा प्रश्न वेगळाच आहे : १६७० च्या दशकात उंदराचाही विचार करणारी व्यवस्था १७६० पर्यंत कुठे गेली? माझ्या मते सैन्य सह्याद्रीपासून शेकडो मैल लांब गेलं आणि पगार सावकाराच्या कर्जावर आला, तिथे. शिवकाळात घोडं पागेचं होतं. पुढे सरंजामी फौजांत ज्याचा त्याचा सरदार, ज्याची त्याची चंदी. यावर सेन यांचे पागा आणि सरंजामाचे भाग परत काढून वाचते आणि वेगळा धागा टाकते.

बिनीचा स्वार

जरूर टाका, वाट बघतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी कुठून सुरू करावं असं व्यनितून विचारलंय. माझं मत : आधी शेजवलकर, नकाशा शेजारी ठेवून. मग एंगेल्स, कारण पातळ आहे आणि गणित साधं आहे. त्यानंतर लगेच कीगन, म्हणजे गोलंदाज म्हणतात ती बाजू राहणार नाही. कूपर जाड आहे, कागदपत्रांनी भरलेलं आहे, ते चौथं. एंगेल्सच्या आधी व्हान क्रेवेल्ड घेऊ नका, त्यातली युरोपातली गावं आणि रेल्वेमार्ग नवख्याला दमवतात. राजवाड्यांचा खंड सलग वाचायचा नसतो, शेजवलकर वाचताना त्या त्या तारखेचं पत्र काढून बघायचं.

जालनेकर, असईला यायचं तर कधी यावं?

जालनेकर

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात या, पाऊस चांगला झालेल्या वर्षी. उन्हाळ्यात नदीचं पात्र बघून वाटतं, हिला ओलांडायला उतार कशाला शोधायचा? पाणी असताना काठावर उभं राहिलं की वेलस्लीला त्या दोन गावांचं काय महत्त्व वाटलं ते समजतं. कैलना आणि जुई यांच्या मधला पट्टा पायी फिरा, गाडीतून जमिनीचा उतार कळत नाही. पूर्वेकडून सुरू करून असईकडे चाला, म्हणजे कंपूंच्या तोफा कुठून कुठे तोंड करून होत्या ते आपोआप लक्षात येईल. कूपर यांचे नकाशे छापून आणा, आणि गावात आधी कुणाशी तरी बोलून घ्या, कारण सगळी शेतं आहेत आणि तेव्हा पिकं उभी असतात.